मशीन पाणी भरतंय का सांडतंय? आमच्या टॉप लोडची पूर्ण केस

आधी पेशंटची माहिती देते. साडेसहा किलोचं फुल ऑटोमॅटिक टॉप लोड वॉशिंग मशीन, वय सात वर्षं, मुक्काम ड्राय बाल्कनी, वाघोलीकडची सोसायटी, सगळ्यात वरचा मजला. घरात माणसं पाच, म्हणजे मी, नवरा, शाळेत जाणारे चिरंजीव आणि सासूसासरे (आई आणि आप्पा). मशीन आठवड्यातून पाच दिवस चालतं. पाणी एरवी बोअरचं आणि फेब्रुवारी उलटला की टँकरचं, दोन्ही जड. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण जे झालं त्यात कंपनीचा काहीच दोष नव्हता, दोष कोणाचा होता ते पुढे येईलच.

तक्रार पहिल्यांदा मशीनने केलीच नाही, मावशींनी केली. आमच्याकडे आई सकाळी देवपूजा झाली की सातला मशीन लावतात आणि सव्वाआठला धुणंभांडीवाल्या मावशी आल्या की कपडे वाळत घालतात, असं वर्षानुवर्षांचं गणित. ते गणित फेब्रुवारीत बिघडायला लागलं. मावशी यायच्या, भांडी व्हायची, लादी व्हायची, तरी मशीन आपलं सुरूच. एक दिवस म्हणाल्या, "ताई, तुमचं मशीन म्हातारं झालं, माझ्यासारखं. उठायलाच वेळ लागतो त्याला."

मी घड्याळ लावून बघितलं तर नॉर्मल प्रोग्रामला डिस्प्लेवर ५२ मिनिटं दाखवायचं आणि प्रत्यक्षात अडीच तास. आणि गंमत अशी की ५२ चा आकडा बराच वेळ ५२ च राहायचा, कारण आमच्या मशीनमध्ये पाणी ठरलेल्या लेव्हलला येईपर्यंत घड्याळ पुढे सरकतच नाही. म्हणजे धुण्यात वेळ जात नव्हता, भरण्यात जात होता. दोनदा तर मध्येच पीं पीं करून पाण्याचा एरर दाखवून थांबलं, नळ पूर्ण सोडलेला असताना.

पाणी हळू भरतंय म्हटल्यावर जे कोणीही बघेल तेच मी आधी बघितलं, इनलेटची जाळी. माहीत नसेल त्यांच्यासाठी, नळाकडून येणारा पाइप मशीनच्या मागे जिथे पिळून बसवतात तिथे आत एक बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी असते, तिला मधोमध छोटं टोक असतं. नळ बंद करायचा, प्लग काढायचा, पाइप उघडायचा (खाली फडकं धरा, पाइपमधलं कपभर पाणी सांडतंच) आणि पकडीने ते टोक धरून अलगद सरळ ओढायचं, वाकडं ओढलंत तर तुटतं. आमची जाळी बाहेर आली तेव्हा ती जाळी आहे हे सांगावं लागलं असतं. पांढरट पिवळा थर, भोकं जवळपास सगळी बुजलेली, मध्ये टाकीतली बारीक वाळू. नखाने खरवडून निघेना. अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर लिंबाचं सत म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड घालून त्यात टाकली तर लगेच बारीक बुडबुडे यायला लागले आणि अर्ध्या तासात जुन्या टूथब्रशने निघाली. तो थर म्हणजे कॅल्शियमचा क्षार, आंबटाशी गाठ पडली की विरघळतो आणि बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं दिलंय. आमच्या सोसायटीच्या रिपोर्टात आकडा ४८० चा आहे, म्हणजे मानकाप्रमाणे पिण्याला चालेल असा आणि जाळीच्या दृष्टीने सिमेंट.

आता इथे मी एक बरं काम केलं होतं आणि एक चूक. बरं काम म्हणजे जाळी काढायच्या आधी झाकण उघडं ठेवून मशीन चालू केलं आणि पावडरच्या ट्रेखालून टबात पडणाऱ्या धारेखाली लिटरचा मग धरला. मग भरायला ४० सेकंद, म्हणजे मिनिटाला दीड लिटर. नळाला मशीनचा पाइप काढून थेट बादली लावली तर १० लिटर पावणेदोन मिनिटांच्या आत भरत होते, म्हणजे मिनिटाला ६ लिटरच्या आसपास. म्हणजे नळात पाणी आहे, वाटेत अडतंय. जाळी साफ करून परत लावल्यावर तोच मग १३ सेकंदात भरला. मीडियम लेव्हलला आमचं मशीन साधारण ४२ लिटर घेतं, ते जेमतेम १० मिनिटांत भरलं, मावशी यायच्या आत कपडे तयार, मी घरात सगळ्यांना जाळी दाखवत फिरले.

चूक अशी की केस तिथे बंद केली. कारण आकडे जर नीट मांडले असते तर तेव्हाच कळलं असतं. मिनिटाला दीड लिटरने ४२ लिटर भरायला २८ मिनिटं लागायला हवीत, आणि मी घड्याळावर बघितलं होतं ४० मिनिटांच्या वर. वरची १२-१४ मिनिटं कुठे गेली हा प्रश्न मला पडलाच नाही, पडला असता तर पुढचा दीड महिना वाचला असता.

(प्रेशरचं पण इथेच सांगून टाकते, कारण वरच्या मजल्यावरच्या लोकांना सगळे आधी तेच सांगतात. आमच्या मशीनच्या पुस्तकात किमान ०.०३ मेगापास्कल लिहिलंय, म्हणजे नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत साधारण ३ मीटर उंची. आमची टाकी जिन्याच्या डोक्यावर आहे म्हणून भागतं. टाकी गच्चीवर नुसती टेकवलेली असेल तर सगळ्यात वरच्या फ्लॅटला खरंच त्रास होतो, इनलेटचा व्हॉल्व्ह पडद्याचा असतो आणि त्याला उघडमीट करायला थोडा दाब लागतोच. तिथे जाळी कितीही घासली तरी उपयोग नाही, छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो.)

मार्चच्या मध्यावर दुसरा अंक सुरू झाला. आता वेळ अडीच तास नव्हता, सव्वा-दीड तासाच्या मध्ये कुठेतरी, त्यामुळे कोणी बोललं नाही. पण कपडे निघेनात. चिरंजीवांच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर धुतल्यावरपण करडीच, आप्पांच्या धोतराला एक मचूळ वास. आईंनी पावडर वाढवली, एकाचे दीड चमचे, मग दोन. पावडर वाढवल्यावर काळ्या पँटींवर पांढरे पट्टे दिसायला लागले, पण कॉलर तशीच. आणि एक आवाज. मशीन धुताना मध्येच घुमणं थांबवून श्शश्श करून परत पाणी घ्यायचं, दोन-तीन मिनिटं, मग परत घुमायचं, परत थोड्या वेळाने श्शश्श. मी तो आवाज कितीतरी दिवस ऐकत होते आणि वाटत होतं की असंच असतं.

नवऱ्याचं मत नेहमीचं, सात वर्षं झाली, विकून टाकू, नवीन घेऊ, आता फ्रंट लोड घेऊ. मी म्हटलं आधी माणूस बोलवू. बाहेरचा एक मेकॅनिक आला, तरुण मुलगा, बोलायला चांगला. झाकण उघडलं, चालू केलं, पाणी भरताना बघितलं, मध्येच परत पाणी घेतलं तसं म्हणाला, "मॅडम, कार्ड गेलंय. सेन्सरची रीडिंग कार्डला कळत नाही म्हणून परत परत पाणी मागतं." कार्ड म्हणजे आतलं सर्किट बोर्ड, आणि भाव ५,८००. व्हिजिटचे ४५० घेतले आणि कार्ड मागवायचं का ते संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाला. पूर्ण तपासणी चार मिनिटांची असेल, त्यातलं दीड मिनिट त्याच्या फोनवर.

मला त्याच्यावर राग नाही खरं तर, कार्ड जातात, आणि त्या कार्डावर राळ ओतून ते सील केलेलं असतं त्यामुळे उघडून तपासायची सोयच नसते, बदलून बघणे हाच उपाय. पण माझं एक अडलं. या मशीनमध्ये पाण्याची लेव्हल कशी कळते तर बाहेरच्या टबाच्या तळाशी एक छोटी हवेची कोठडी असते, तिथून एक बारीक नळी वर पॅनलखाली सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, तो दाब सेन्सर मोजतो. ही नळी सुटली किंवा चिरली तर हवा निसटते, दाब बनत नाही आणि मशीनला वाटतं पाणी आलंच नाही, मग ते भरतच राहतं, भरतच राहतं, काठापर्यंत. आमच्याकडे तसं होत नव्हतं. पाणी मीडियमला बरोबर थांबायचं, रोज त्याच जागी. म्हणजे सेन्सर आणि कार्ड दोघांनाही लेव्हल नीट कळत होती. थांबल्यावर परत मागत होतं. मग एकतर ते खोटं मागत होतं नाहीतर खरंच पाणी कमी होत होतं.

इथे आप्पा केसमध्ये आले. आप्पा म्हणजे माझे सासरे, एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, वय ७४. घरातला मिक्सर, इस्त्री, गीझर सगळं त्यांच्या हाताखालून जातं, फक्त वॉशिंग मशीनला ते हात लावत नव्हते कारण "त्यात कॉम्प्युटर असतो". कार्डाचा भाव ऐकून मात्र उठले. म्हणाले, "अगं, गाडीचं कूलंट कमी होतंय म्हटल्यावर आधी गाडीखाली बघतात, डॅशबोर्ड नाही बदलत."

मग आम्ही दोघांनी रविवारी दुपारी रिकामं मशीन मीडियमपर्यंत भरलं, कपडे नाहीत, पावडर नाही, आणि भरून झाल्याझाल्या पॉज केलं. स्टीलच्या ड्रमला भोकांच्या आडव्या ओळी असतात ना, आप्पांनी टॉर्च मारून पाणी कितव्या ओळीला टेकलंय ते मोजलं, वरून नववी. खडूने झाकणाच्या आत ९ लिहिलं. पाच मिनिटांनी पाणी दहावीच्याही खाली. दहा मिनिटांनी बाराव्या ओळीला लागलेलं. मशीन पॉजवर, नळ बंद, बाल्कनीची लादी कोरडी ठक्क. पाणी जातंय आणि दिसत नाही.

दिसत नव्हतं कारण आमचा ड्रेनचा पाइप नहाणी ट्रॅपच्या जाळीतून आत खुपसलेला होता. झुरळं येऊ नयेत म्हणून आईंनीच दोन वर्षांपूर्वी तो आत कोंबून वरून फडकं दाबलं होतं. ते उपसून पाइप बाहेर काढला तर पाइपच्या तोंडातून पेन्सिलीएवढी धार, शांतपणे, अजिबात आवाज न करता चाललेली. बादली लावली, पाच मिनिटांत पाच लिटरला थोडं कमी. मिनिटाला लिटर म्हणू.

मग हिशोब मांडला, गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर. मिनिटाला साडेचार लिटर येतंय, एक जातंय, म्हणजे भरायला १०ऐवजी १२ मिनिटं, तीन वेळा भरायचं म्हणजे ३६ मिनिटं. धुण्याची १५ मिनिटं आणि खळबळायची चार-चार, ती २३. एकूण ५९ मिनिटं पाइप वाहतोय, म्हणजे एका धुण्यामागे ५९ लिटर पाणी, १५ लिटरच्या जवळजवळ चार बादल्या, थेट गटारात. टँकरच्या दिवसांत. आणि त्याच्यासोबत पावडर. कॉलर का निघत नव्हती ते इथे कळलं, साबणाचं पाणी गळून जातंय आणि त्याच्या जागी साधं पाणी येतंय, म्हणजे धुणं सुरू झाल्यापासूनच खळबळणं चाललेलं. आईंनी पावडर वाढवली ती पण गटाराला.

आप्पांनी अजून एक टेस्ट केली, जी मला फार आवडली आणि जी कोणालाही घरात करता येईल. ड्रेनचा पाइप उचलून त्याचं तोंड ड्रममधल्या पाण्याच्या लेव्हलच्या वर आणलं आणि जुन्या परकराच्या नाडीने नळाला बांधून ठेवलं. पाणी स्वतःच्या लेव्हलच्या वर चढत नाही, त्यामुळे पाइपात थोडं चढून थांबलं. आता परत ओळी मोजल्या, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, जागचं हललं नाही. म्हणजे टबाला चीर नाही, सील फुटलेलं नाही, गळती एकाच जागी, ड्रेन व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये. (पाइप असा बांधून कायमचं मशीन चालवू नका हां. आमच्यासारख्या मशीनमध्ये पंप नसतो, पाणी उतारानेच जातं, त्यामुळे पाइप जमिनीलगतच हवा. ज्यांच्याकडे पंपवालं आहे त्यांचा पाइप उंचावर असतो आणि त्यांची केस वेगळी.)

उघडायच्या आधी, प्लग काढायचा. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढून बाजूला टाकायचा. मोटरला कपॅसिटर असतो, त्याच्या वायरींना बोट लावायचं कारण नाही. आणि अंगाला मुंग्या येतात अशी मशीनच्या पत्र्याची तक्रार असेल तर मशीन सोडा, आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग बघा, ओल्या बाल्कनीत त्याची मस्करी नको.

पाणी काढलं, मशीन भिंतीपासून पुढे ओढलं, मागचा पत्रा उघडला, सहा स्क्रू. आत अपेक्षेपेक्षा कमी भानगड असते. मोठा प्लॅस्टिकचा टब चार कोपऱ्यांतून चार रॉडवर लटकलेला, खाली मोटर आणि पट्टा, आणि टबाच्या तळाला एका बाजूला व्हॉल्व्हचं प्लॅस्टिकचं घर. त्याच्या शेजारी ड्रेन मोटर, ती पाणी सोडायच्या वेळी एक दांडी ओढते, दांडी आत व्हॉल्व्हच्या रबराला ओढते आणि पाणी सुटतं. सोडलं की स्प्रिंग रबराला परत जागेवर दाबतं. आप्पा बघून म्हणाले, "कॉम्प्युटर कुठाय? हे तर एअर ब्रेकसारखंच आहे." दांडी मोटरच्या हुकातून काढली (आधी फोटो काढला, आणि हे मी फार अभिमानाने सांगतेय कारण पुढे तो बघितला नाही), व्हॉल्व्हचं टोपण पकडीने डावीकडे फिरवलं, क्षारामुळे घट्ट बसलेलं, गरम पाण्याचं फडकं पाच मिनिटं गुंडाळून ठेवल्यावर सुटलं. खाली परात ठेवली होती, त्यात आधी काळपट पाणी पडलं, मग स्प्रिंग, मग रबर, आणि रबराच्या कडेला केसांच्या आणि धाग्यांच्या गुंत्यात घट्ट बसलेला एक तपकिरी तुकडा.

मी उचलला. लाकडासारखा कठीण, एका बाजूने गोलसर, आत पांढऱ्या रेघा.

आप्पांनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा वर केला, उजेडात धरला आणि काहीच बोलले नाहीत. आई दारात उभ्या होत्या, त्यांना लांबूनच ओळखू आलं. "सुपारी आहे ती," त्या म्हणाल्या. "खांड आहे. चिकणी."

घरात सुपारी खाणारं माणूस एकच. चाळीस वर्षं एसटीत काढली तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खालच्या खिशात पाच-सहा खांडं सुट्टी असतात, डबी नाही, कागद नाही, तशीच. खिशातून ती पडली असणार टबात, मग ड्रमच्या तळाची जी फिरणारी चकती असते, पल्सेटर, तिच्या कडेच्या फटीतून खाली, तिथून तळाच्या भोकातून बाहेरच्या टबात आणि पाणी सुटलं तेव्हा थेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी. साबण विरघळतो, कागद लगदा होऊन वाहून जातो, सुपारी भिजून थोडी फुगते आणि राहते. सुरुवातीला नुसतं खांड असेल तेव्हा गळती थोडी होती, तेच ते फेब्रुवारीतले हरवलेले १२-१४ मिनिटं. मग त्याच्याभोवती केस आणि लोकर जमत गेली आणि मार्चपर्यंत रबर आणखी उचललं गेलं.

आप्पा एवढंच म्हणाले, "असेल कोणाचीतरी."

रबराला चीर नव्हती, फक्त एक दाबाची खूण होती, लिंबाच्या सताच्या पाण्याने पुसून परत बसवलं. रबर कडक झालं असतं किंवा फाटलं असतं तर नवीन घ्यावं लागलं असतं, ते स्पेअरवाल्याकडे मिळतं, मॉडेल नंबर आणि जुनं रबर दोन्ही घेऊन जायचं, नुसतं तोंडी सांगितलं तर हमखास वेगळं देतात.

उघडलंच आहे म्हणून पल्सेटरपण काढला. मधोमध टोपण, टोपणाखाली एकच स्क्रू, तो गंजलेला असतो, जोर करून त्याचं डोकं खराब करू नका, तेल सोडून थांबा. स्क्रू निघाला तरी चकती निघत नाही कारण खाली साबण-क्षाराने ती चिकटलेली असते. आम्ही दोन बाजूंच्या कडांखालून दोन नाड्या घातल्या आणि दोघांनी सरळ वर ओढलं. खाली जे होतं ते जेवणाआधी वाचू नका, राखाडी लोण्यासारखा थर, दोन रुपयांची दोन नाणी, साडीची पिन, शर्टाचं बटण, चिरंजीवांच्या खोडरबराचा तुकडा आणि अजून तीन खांडं. धोतराला मचूळ वास येत होता तो इथून. जास्तीची पावडर आणि जड पाणी मिळून ते लोणी तयार होतं आणि गार पाण्यात धुतलं की ते वितळतच नाही.

आता आमची फजिती. सगळं बसवलं, पत्रा लावला, सहाही स्क्रू, मशीन भिंतीला, हात धुतले, चहा झाला, आणि टेस्ट म्हणून सरळ हाय लेव्हलवर भरलं. गळती शून्य, नववी ओळ सोडा, जिथे होतं तिथेच. टाळ्या. मग ड्रेन लावलं. घूंऽऽ असा बारीक आवाज आला आणि पाणी हललं नाही. ड्रेन मोटर ओढत होती, पण दांडी तिच्या हुकात अडकवायलाच विसरलो होतो, ती मोटर रिकामीच ओढत बसली. काठोकाठ पाणी मगाने बादलीत, बादली बाथरूममध्ये, पाच खेपा, नवरा एकही शब्द न बोलता मोबाइलवर फ्रंट लोडचे भाव बघत बसलेला. परत पत्रा, परत सहा स्क्रू, दोन मिनिटांचं काम. तेव्हापासून नियम, काहीही उघडलं की पहिली टेस्ट सगळ्यात लो लेव्हलवर, आणि ती झाल्यावरच पत्रा लावायचा.

स्पिनला एकदा धडधडलं ते ओढाताणीत पाय वरखाली झाल्यामुळे. झाकणावर ताटलीत पाणी ठेवून पुढचे पाय फिरवून ते सरळ केलं. हादरत राहिलं असतं आणि टब एका बाजूला कललेला दिसला असता तर रॉड बघावे लागले असते. मागचा पत्रा उघडलाच होता म्हणून तळाची उंदरांची जाळी पण तपासली, एका कोपऱ्यातून सुटलेली होती, तारेने आवळली. शेजारच्या विंगमध्ये एकाच्या मशीनची अख्खी वायरिंग उंदरांनी खाल्लेली आहे, त्यापुढे सुपारी काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी कपड्यांसकट मोजलं, ५८ मिनिटं. मधला श्शश्श बंद. पावडर परत एका चमच्यावर आली आणि कॉलर तीन धुण्यांत निवळली. खर्च झाला व्हिजिटचे ४५० आणि लिंबाच्या सताचं पाव किलोचं पाकीट. मेकॅनिकला फोन करून कार्ड नको म्हणून सांगितलं, त्याने कारण विचारलं, मी सांगितलं, तो मनापासून हसला आणि म्हणाला, "मॅडम, पाइप आत घातलेला होता ना, मला कुठून दिसणार." हे मात्र त्याचं खरं आहे. पाइप उघड्यावर असता तर आईंनाच फेब्रुवारीत दिसलं असतं.

आता पाइपचं तोंड नहाणीच्या जाळीच्या चार बोटं वर असतं, दिसेल असं, झुरळांसाठी वेगळी बारीक जाळी आणली. इनलेटची जाळी दर दोन महिन्यांनी, टँकरच्या दिवसांत महिन्याने. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये कडकडीत नाही पण चांगलं गरम पाणी बादलीने ओतून त्यात १०० ग्रॅम लिंबाचं सत, थोडं घुमवून तासभर तसंच ठेवायचं, मग सोडून एकदा साध्या पाण्याने. त्या दिवशी ब्लीच किंवा जंतुनाशकाचं नाव काढायचं नाही, ब्लीच आणि आंबट एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि ड्राय बाल्कनी म्हणजे काही मोकळं मैदान नाही. ड्रमच्या आतली धाग्यांची पिशवी मावशीच दर धुण्याला उलटी करतात. धुणं झालं की झाकण उघडं. आणि महिन्याच्या त्याच दिवशी मशीन पॉज करून मी ओळी मोजते, खडूचा ९ अजून झाकणाच्या आत आहे.

खिसे तपासायचं काम आईंनी स्वतःकडे घेतलंय. मशीनशेजारी खिळ्याला एक स्टीलची छोटी डबी टांगलीये, सदरा टबात जायच्या आधी खिसा त्या डबीत उलटा होतो. आप्पा संध्याकाळी फिरायला निघताना बाल्कनीत जातात, डबी उघडतात, दोन खांडं खिशात टाकतात आणि मशीनकडे न बघता बाहेर येतात.